चार दिवसांचं दुकान: पॉप-अप कसं उभारतात आणि कुठे फसतं

पॉप-अप म्हणजे ठरावीक दिवसांसाठी उभं केलेलं दुकान. तारीख संपली की फळ्या सोडवायच्या, माल खोक्यात भरायचा आणि जागा रिकामी करून द्यायची. शब्द नवा आहे, मुंबईला चाल जुनीच. गणपतीच्या आधी लालबाग-परळला मांडव घालून उभे राहणारे मूर्तींचे कारखाने, दिवाळीच्या तोंडावरची माहीमची कंदील गल्ली, राखीपौर्णिमेआधी दादर स्टेशनबाहेर लागणाऱ्या राख्यांच्या फळ्या, ही सगळी तात्पुरती दुकानंच. फक्त कंदीलवाल्याला त्या पंधरा दिवसांत कमाई करून घ्यायची असते आणि ब्रँडच्या पॉप-अपला ओळख. 'कॉम दे गार्सों' या जपानी फॅशन कंपनीने २००४ साली बर्लिनमध्ये असंच एक दुकान उघडलं. ते वर्षभराने बंद करायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि सजावटीवर जवळपास काहीच खर्च केला नव्हता. एवढी मोठी कंपनी असं का करते, याचं उत्तर सोपं आहे. कायमचं दुकान घेण्याआधी गिऱ्हाईक समोरासमोर भेटतं, आणि चूक झाली तर ती तारखेबरोबर संपते.

पॉप-अपमध्ये एक प्रश्न दिवसभर कानावर येतो: "एरवी कुठे मिळतं हे तुमचं?" जागा, मांडणी, माणसं, पिशवीवरचा मजकूर या सगळ्याचा विचार याच प्रश्नापासून सुरू करावा. त्याचं उत्तर तयार नसेल, तर चार दिवसांची मेहनत पाचव्या दिवशी टेम्पोत बसून परत जाते.

आधी हिशेब

समजा घरगुती मसाल्यांचा एक छोटा ब्रँड आहे. गोडा मसाला, मालवणी मसाला, मेतकूट, दोन-तीन चटण्या. दहा बाय दहा फुटांची जागा, चार दिवस. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच. जागेचं भाडं ६०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७०,८००. मांडणीचं सामान ४०,०००. दोन मदतनीस, दिवसाला प्रत्येकी १,०००, म्हणजे ८,०००. टेम्पो आणि हमाली ६,०००. छपाई ५,०००. चवीचे नमुने, विमा आणि किरकोळ खर्च १०,२००. बेरीज १,४०,०००.

सरासरी बिल ४०० रुपयांचं आणि त्यात तुमच्या हाती उरतात २००. खर्च भरून निघायला ७०० बिलं लागतील. रोज दहा तास दुकान उघडं ठेवलं तर चार दिवसांचे चाळीस तास, म्हणजे ताशी साडेसतरा बिलं. साडेतीन मिनिटांना एक! चव देणं, समजावणं, पैसे घेणं, पिशवी भरणं यालाच एका गिऱ्हाइकामागे चार-पाच मिनिटं जातात. त्यात गर्दी होते ती संध्याकाळी पाच ते नऊ. दुपारी दोन वाजता ताशी साडेसतरा बिलं कोणीही फाडू शकत नाही.

इथेच बहुतेक नवे ब्रँड निराश होतात. विक्रीतून खर्च निघाला नाही, म्हणजे पॉप-अप फसलं असं धरून चालतात. तसं धरू नये. समजा ३२० बिलं झाली. हाती ६४,००० आले, तूट ७६,००० राहिली. या चार दिवसांत तुम्हाला कधीही न ओळखणाऱ्या ५०० माणसांनी चव घेतली आणि आपखुशीने नंबर दिला, तर एका ओळखीला १५२ रुपये पडले. हाच आकडा मोबाइलवरच्या जाहिरातीतून एक नवं गिऱ्हाईक आणायला तुम्हाला किती पडतात त्याच्याशी ताडून बघायचा. शिवाय ४०,०००चं सामान तीन वेळा वापरता येण्याजोगं बनवलं, तर एका वेळचा भार १३,३०० च्या आसपास येतो. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर भाड्यावरच्या १०,८०० चं क्रेडिटही, म्हणजे तुमच्या करातून वजावट, मिळतं. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर) असाल तर मात्र ते मिळत नाही.

एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. आयुष्यातलं पहिलं पॉप-अप मॉलच्या मधल्या चौकात करू नका. पैसे घालवून जे शिकायचं, ते दादरच्या एखाद्या सभागृहात कितीतरी स्वस्तात शिकून होतं.

जागा

मुंबईत ढोबळमानाने चार वाटा आहेत. दादर, पार्ले, मुलुंड, बोरिवली, ठाणे इथल्या सभागृहांमध्ये भरणारी प्रदर्शनं ही पहिली. मराठी गिऱ्हाईक, खरेदीच्या तयारीने आलेलं, भाव विचारणारं आणि आवडलं तर चार मैत्रिणींना फोन करून बोलावणारं. दुसरी वाट मॉलची. माणसं भरपूर, पण ती सिनेमा बघायला किंवा जेवायला आलेली. थांबवणं अवघड, भाडं जबर. तिसरी वाट महोत्सवांची. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. तिथल्या स्टॉलसाठी आधी अर्ज करावा लागतो आणि निवड होते. स्थानिक वस्तू बनवणाऱ्यांसाठी रेल्वेची 'एक स्थानक एक उत्पादन' योजनाही आहे. तिची घोषणा २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात झाली.

चौथी वाट सगळ्यात कमी वापरली जाते आणि छोट्या ब्रँडला सगळ्यात जास्त परवडते: दुसऱ्याच्या दुकानातला एक कोपरा. मसाल्यांसाठी चांगलं किराणा दुकान किंवा भांड्यांचं दुकान, हातमागाच्या कुर्त्यांसाठी पुस्तकांचं दुकान. भाड्याऐवजी विक्रीतला हिस्सा ठरवता येतो. शिवाय चार दिवसांनी त्याच दुकानदाराने तुमचा माल ठेवून घेतला, तर "एरवी कुठे मिळतं?" याचं उत्तर तिथल्या तिथे तयार होतं. अट एकच, त्याचा आणि तुमचा माल एकमेकांच्या पोटावर येता कामा नये.

जागा बघायला दोनदा जा. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, एकदा रविवारी. अर्धा तास उभं राहून वहीत उभ्या रेघा मारा: किती माणसं गेली, त्यातली किती कुठल्याही दुकानासमोर थांबली. बीकेसी किंवा लोअर परळला ऑफिसांच्या भागात दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी सहानंतर माणूस दिसतो, शनिवार-रविवार शुकशुकाट. दादरच्या बाजाराची साप्ताहिक सुट्टी सोमवारची, तेव्हा चार दिवसांत सोमवार धरू नये. सामान वर न्यायची लिफ्ट कुठे आहे, तिचं दार किती रुंद आहे, हे मोजपट्टीनेच मोजा. 'छोटा हत्ती' टेम्पोचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. आठ फुटी प्लायची अखंड फळी केलीत, तर ती पहिल्याच दिवशी बाहेर लोंबणार. मांडणी सहा फुटांच्या आत सुटी होणारी हवी.

तारखा

मुंबईत तारीख चुकली की बाकी सगळं बरोबर असूनही गल्ला रिकामा राहतो. गणेशोत्सवानंतरचा पितृपक्ष टाळावा. बरीच घरं त्या पंधरवड्यात नवी खरेदी करत नाहीत. त्यानंतरची नवरात्र ते दिवाळी ही सर्वांत चांगली वेळ, पण तेव्हाच्या जागा तीन-चार महिने आधी धराव्या लागतात. मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात अर्धी मुंबई गावाला. मसाल्यांना मात्र एप्रिल-मे मानवतो, कारण घराघरांत वर्षाच्या मसाल्याची बोलणी तेव्हाच चालू असतात. जून ते सप्टेंबर पाऊस, मोकळ्या जागेचा विचारही नको. महिन्याचा पहिला आठवडा पगाराचा, शेवटचा हात आखडलेला. आणि रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघितल्याशिवाय मदतनिसांना वेळ देऊ नका. गाड्या रखडल्या की दुकान उघडायलाच उशीर होतो.

एक दिवसाचं पॉप-अप करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी लोक बघून जातात आणि घरी सांगतात, दुसऱ्या दिवशी कोणाला तरी घेऊन येतात. एका दिवसात ही फेरीच पुरी होत नाही. कमीत कमी तीन दिवस हवेत.

कागदपत्रं

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असेल तर पॉप-अपची जागा 'अतिरिक्त व्यवसायस्थान' म्हणून जोडून घ्यावी. नाशिक किंवा कोल्हापूरहून येणाऱ्यालाही हेच लागू, राज्य एकच. परराज्यातून येणाऱ्याला मात्र 'कॅज्युअल' करदाता म्हणून वेगळी तात्पुरती नोंदणी लागते. तिचा अर्ज धंदा सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी करायचा, अंदाजे कर आगाऊ भरायचा आणि मुदत ९० दिवसांपर्यंत असते. हस्तकलेच्या वस्तूंना यात काही सूट आहे, ती आपल्या सीएला विचारून घ्यावी.

खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी क्रमांक पाकिटावर आणि जागेवरही दिसला पाहिजे. पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. सुटा मसाला तोलून देणार असाल, तर वजनकाटा वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेला लागतो. हा त्रास नको असेल तर फक्त पाकिटं विका. प्लास्टिकच्या हातपिशव्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठी अक्षरांपेक्षा मोठी चालत नाहीत. पदपथावर टेबल किंवा फलक महापालिकेच्या परवानगीशिवाय ठेवला तर तो उचलून नेला जातो, आणि मालही. गाणी लावायची तर ध्वनिमुद्रित संगीताचा परवाना लागतो. जागेच्या मालकाकडे तो आहे का हे विचारा.

गाळाच महिन्याभरासाठी घेत असाल, तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. प्रदर्शनात बहुतेक वेळा अर्ज आणि पावती एवढंच असतं. त्या अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा: वीज किती वॉटपर्यंत, आवरायला किती तास, रद्द झालं तर पैसे किती परत, आणि शेजारच्या स्टॉलला तुमच्यासारखाच माल देणार का. शेवटचा मुद्दा तिथे नसेल तर हाताने लिहून सही घ्या. चार पावलांवर दुसरा मसालेवाला बसला की दोघांचेही दिवस वाया जातात.

मांडणी, दिवे आणि ट्रिप होणारी वीज

शंभर चौरस फुटांत सगळा माल दाखवायचा मोह होतो. बारा-पंधरा वस्तूंवर थांबा. पुढचे तीन फूट मोकळे सोडा. माणूस आत पाऊल टाकतो तेव्हा त्याला नजर स्थिर करायला तेवढी जागा लागते. बिलाचं टेबल समोर आडवं ठेवू नका, त्याने दुकानाला दाराआड उभं केल्यासारखं होतं. ते मागच्या कोपऱ्यात तिरकं बसतं. चवीचं टेबल मात्र पुढे, रस्त्याच्या बाजूला. मालाची उंची कंबर ते डोळे यांच्यामध्ये. गुडघ्याखाली ठेवलेलं कोणी वाकून बघत नाही, तिथे जादा साठा जाऊ द्या. किमतीची चिठ्ठी प्रत्येक वस्तूपुढे हवी. किंमत विचारायला संकोचणारी माणसं खूप असतात आणि ती गुपचूप पुढे जातात. पाटीच्या अक्षरांचा साधा ठोकताळा: दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंची. वीस फुटांवरून दिसायचं तर दोन इंच.

एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) फळ्या स्वस्त पडतात, पण मुंबईच्या दमट हवेत कडांना फुगतात. १२ मिलिमीटरचा प्लाय आणि घडीचे लोखंडी स्टँड तीन-चार पॉप-अप सहज काढतात. भिंतीवर दुहेरी टेप लावू नका. काढताना रंगाचा पापुद्रा निघतो आणि अनामतीतून पैसे कापले जातात. जागा ताब्यात घेताना चारही भिंती आणि जमीन यांचे फोटो काढून त्याच क्षणी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे आधीचे डाग तुमच्या नावावर चढत नाहीत.

दिव्यांचं गणित बघा. सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली मसाल्याचा लाल रंग मातकट दिसतो, पैठणीची जर निस्तेज. ३००० ते ३५०० केल्विनचे (उबदार, पिवळसर उजेडाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त असलेले एलईडी स्पॉट घ्या. १० वॉटचे आठ दिवे म्हणजे फक्त ८० वॉट, विजेला काही भार नाही. भार देतात त्या तापणाऱ्या वस्तू. इस्त्रीचा स्टीमर किंवा पाण्याची किटली दीड ते दोन हजार वॉट ओढते. साध्या ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डाची झेप १,३८० वॉटपर्यंतच. त्यावर किटली लावली की बोर्ड वितळतो किंवा एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा खटका) उडतो, आणि उडतो तो संध्याकाळी सात वाजता, शेजारच्या चार स्टॉलांसकट. किटलीसाठी १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आधी मागून घ्या. नाही मिळाला तर किटलीच नको.

चवीचं टेबल

मसाला कोरडा चाटवून कळत नाही. त्याची चव आमटीतून कळते. घरून गरम आमटी पाच-पाच लिटरच्या दोन स्टीलच्या थर्मासमधून न्या. ३० मिलिलिटरच्या कागदी पेल्यात दिली तर दहा लिटरमध्ये सव्वातीनशेच्या वर पेले होतात. आमटी ६० अंशांच्या खाली उतरली की ती देणं थांबवायचं, म्हणून एक स्वयंपाकाचा थर्मामीटर जवळ ठेवा. दाणे किंवा खोबरं असेल तर तसं टेबलावर लिहा. पेला हातात देताना फक्त एक वाक्य बोलायचं: "ही आपल्या गोड्या मसाल्याची आमटी, गूळ बेताचा घातलाय." मग गप्प राहायचं. माणूस घोट घेतो, भुवया हलतात, आणि पुढचं वाक्य त्याचं असतं. "आमच्याकडे दगडफूल जरा जास्त असतं" असं कोणी म्हणालं तर वाद न घालता ते वहीत लिहा. अशी वीस वाक्यं जमली की पुढच्या घाण्यात काय बदलायचं ते कळतं, आणि हे सांगायला दुसरं कोणी फुकट येणार नाही.

वही

दर तासाला चार आकडे टिपा: किती समोरून गेले, किती थांबले, कितींनी वस्तू हातात घेतली किंवा चव घेतली, किती बिलं झाली. खूप जातात आणि कोणी थांबत नाही, तर पाटी किंवा दिवे चुकलेत. थांबतात पण हात लावत नाहीत, तर मांडणी दबवते आहे किंवा किंमत दिसत नाही. चव घेतात आणि "बघून येते हं" म्हणून जातात, तर बहुतेक वेळा पाकीट मोठं असतं. २०० ग्रॅमचा धोका नको असतो, ५० ग्रॅमचं हवं असतं. म्हणून ५० ग्रॅमची पाकिटं पहिल्या दिवसापासून असू द्या. आकडे दुसऱ्या दिवशी सकाळी बघून बदल करायचा. शेवटच्या दिवशी बघितले तर वरातीमागून घोडं.

दोन माणसं नेहमी हवीत, एक चवीच्या टेबलाशी, एक बिलाशी. मालक किंवा मालकीण यांपैकी कोणीतरी पूर्ण वेळ तिथे असावंच. मसाला कोणी बनवला हे त्याच माणसाकडून ऐकायला गिऱ्हाईक आलेलं असतं. मदतनिसांना जेवायला आणि बसायला वेळ ठरवून द्या. दहा तास उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आठव्या तासाला हसू कसं येणार? यूपीआयचे क्यूआर दोन वेगळ्या बँकांचे ठेवा, मोबाइलही दोन कंपन्यांच्या सिमचे. सभागृहाच्या तळघरात गर्दीच्या वेळी नेटवर्क बसतं. सुट्टे पैसे पुरेसे आणा, कारण सकाळची भवानी हटकून पाचशेच्या नोटेने होते.

नंबर मागताना कशासाठी हवा ते सांगा आणि होकार घ्या: "महिन्यातून एकदा नवीन काय आलं ते कळवू, चालेल?" चालेल म्हणणाऱ्याचा पिनकोडही त्याच वेळी लिहा. प्रत्येक पिशवीत पोस्टकार्डाएवढं एक कार्ड जायला हवं. एका बाजूला त्या मसाल्याची आमटीची कृती, दुसऱ्या बाजूला तुमचा माल वर्षभर कुठे मिळतो: दुकानांची नावं, ऑर्डरचा नंबर, घरपोच किती दिवसांत. कृती असल्यामुळे कार्ड स्वयंपाकघरात राहतं. नुसतं जाहिरातीचं पान लोकलमध्येच टाकलं जातं.

बंद झाल्यावर

आवरायला उभारणीच्या अर्धा वेळ धरा आणि टेम्पो एक तास आधी बोलवा. उरलेला माल मोजून वहीशी जुळवा, पावती घेऊनच जागा सोडा, अनामत परत मिळण्याची तारीख लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी पहिला निरोप पाठवा. त्याआधी पाठवला तर पाकीट फुटलेलंच नसतं, आठवडा गेला तर नाव विसरलेलं असतं. निरोपात विक्रीची घाई नको. मसाला कसा वाटला एवढंच विचारा.

तीस दिवसांनी वही पुन्हा उघडा. त्या ५०० नंबरांपैकी किती जणांनी दुसऱ्यांदा मागवलं ते मोजा, आणि दुसरी मागणी देणाऱ्यांचे पिनकोड एकाखाली एक लिहून काढा. एखादा पिनकोड पाच-सहा वेळा आलेला दिसेल. पुढच्या पॉप-अपची जागा तिथे शोधायला सुरुवात करा, आणि त्याच भागातल्या दोन किराणा दुकानदारांना ५० ग्रॅमची पाकिटं नमुन्याला देऊन या.